नव्या घराच्या सांडपाण्याचा खर्च कोणी उचलायचा?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तितके काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण पाणीपट्टीबद्दल बोललो, त्यानंतर पुण्याहून एका श्रोत्याचा निरोप आला. त्यांनी वाकडला नवा फ्लॅट घेतलाय. ते म्हणतात, "दादा, बिल्डरच्या हिशेबात डेव्हलपमेंट चार्ज म्हणून एक रक्कम होती, ती आम्ही भरली. सोसायटीच्या तळघरात एसटीपी आहे, त्याची वीज आणि ऑपरेटरचा पगार आम्हीच देतो. मग तो चार्ज नक्की कशाचा? आणि तुम्ही तिकडे हेच आकडे काढायचं काम करता ना, तर तिकडे कसे काढतात?"

प्रश्न रास्त आहे. मी कॅलिफोर्नियात गेली बारा वर्षं सांडपाणी खात्यांसाठी दर ठरवायचं काम करतो. घरी आईला अजून नीट सांगता आलेलं नाही की मी नक्की करतो काय. तर आज दोघांनाही एकदमच सांगतो.

आधी तीन पावत्या वेगळ्या करू. एक, दर महिन्याचं बिल. ते प्रकल्प चालवायचं, म्हणजे वीज, रसायनं, पगार, दुरुस्ती. दुसरी, जोडणीचा खर्च. तुमच्या घरापासून रस्त्यातल्या ड्रेनेज लाइनपर्यंत खोदाई, पाइप, चेंबर. या दोन्ही समजायला सोप्या. तिसरी आहे ती आजची: क्षमता शुल्क. नवं घर, नवं हॉटेल, नवी इमारत व्यवस्थेत पहिल्यांदा शिरते तेव्हा एकदाच भरायची रक्कम. ती पाइपच्या तुकड्याची नाही, शुद्धीकरण प्रकल्पात, पंपिंग स्टेशनात आणि मोठ्या मुख्य वाहिन्यांत तुमच्यासाठी राखलेल्या जागेची असते.

आपल्याकडच्या सामाईक विहिरीची आठवण ठेवा. चार भावकीतल्या घरांनी कर्ज काढून विहीर पाडली, मोटर बसवली, पाण्याच्या पाळ्या लावल्या. वीस वर्षांनी शेजारचं रान कोणीतरी विकत घेतलं आणि तो म्हणाला, मलाही पाळी द्या. आता त्याने किती द्यायचे? विहीर पाडली तेव्हाच्या खर्चाचा पाचवा हिस्सा? आज तशी विहीर पाडायला जे लागतील त्याचा? का असं म्हणायचं, की पाणी आम्हा चौघांनाच जेमतेम पुरतं, तुझ्यामुळे आणखी दोन परस खोल जावं लागेल, तर तो खोलीचा खर्च तुझा? या तिन्ही उत्तरांना अमेरिकेत नावं आहेत, नियमावल्या आहेत आणि कोर्टाचे निकालही आहेत. भांडण मात्र तेच, पाळीचं.

निकालांतला माझ्या मते सगळ्यात कामाचा आहे १९७६ चा, फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा. डनेडिन नावाचं पिनेलास काउंटीतलं किनाऱ्यावरचं शहर. तिथे नव्या बांधकामांकडून पाणी आणि सांडपाण्यासाठी रक्कम घेत होते, म्हणून काउंटीतली बिल्डरांची संघटना कोर्टात गेली. कोर्टाने दोन गोष्टी सांगितल्या. नव्या वापरामुळे नव्या सोयी बांधाव्या लागत असतील तर तो खर्च नव्यांकडून घेणं योग्य आहे, पण तेवढाच. जे बांधकाम कसंही करावंच लागणार होतं, त्याचे पैसे फक्त नव्यांकडून काढले तर जुन्यांना फुकटचा लाभ होतो. आणि दुसरं, जमलेले पैसे व्यवस्थेच्या विस्तारासाठीच वापरायचे, हे नियमातच लिहिलेलं हवं. डनेडिनच्या नियमात तसं बंधन नव्हतं, म्हणून तो नियम टिकला नाही.

आता आकडे. वही-पेन असेल तर घ्या. हे गाव मी हिशेबासाठी धरलंय, खरं नाही, आकडे सोपे पडावेत म्हणून गोल ठेवलेत.

गावाचा प्रकल्प रोज १२ एमएलडी, म्हणजे १ कोटी २० लाख लिटर सांडपाणी घेऊ शकतो. एका घराचं सांडपाणी रोजचं ६०० लिटर धरू. म्हणजे प्रकल्पात २०,००० घरांची जागा. आज १५,००० घरं जोडलेली आहेत, ५,००० घरांची जागा शिल्लक. हे 'एक घर' आमच्या धंद्यातलं माप आहे. दुकान असो, शाळा असो, सगळं 'किती घरांइतकं' यात मोजतात.

पहिली पद्धत, बाय-इन. नवा माणूस आहे त्या व्यवस्थेत हिस्सा विकत घेतो. मग व्यवस्थेची किंमत काय? प्रकल्प १९८५ साली बांधला असेल तर वहीत १९८५ ची किंमत आहे. ती धरली तर नव्याला फारच स्वस्त पडतं. जुन्यांनी चाळीस वर्षं पैसे अडकवून ठेवले, त्याचं काय? म्हणून बहुतेक ठिकाणी ती किंमत आजच्या भावात आणतात. त्यासाठी बांधकाम खर्चाचा एक निर्देशांक वापरतात, एन्जिनियरिंग न्यूज-रेकॉर्ड नावाच्या नियतकालिकाचा, १९१३ साल म्हणजे १०० धरून चालत आलेला. मग त्यातून घसारा वजा. पाइप सत्तर-ऐंशी वर्षं टिकतो, पंप पंधरा-वीस, त्यामुळे प्रत्येकाचा घसारा वेगळा.

आपल्या गावात हे सगळं करून उरले १० कोटी डॉलर. आता वजाबाकी, आणि इथे लक्ष द्या, बहुतेक चुका इथेच होतात. सरकारी अनुदानातून आलेला भाग काढायचा, कारण तो जुन्या रहिवाशांनी दिलेलाच नाही. बिल्डरांनी बांधून फुकट हस्तांतरित केलेल्या लाइनी काढायच्या. समजा हे दोन्ही मिळून २ कोटी. शिवाय प्रकल्पाच्या कर्जाचं शिल्लक मुद्दल २ कोटी. ते का काढायचं? कारण नवा माणूस उद्यापासून मासिक बिल भरणार, आणि त्या बिलात कर्जाचा हप्ता आहेच. शुल्कातही तेच घेतलं तर एकाच विटेचे दोनदा पैसे. युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली बॅनबेरी नावाच्या बिल्डर कंपनीच्या खटल्यात हेच तपासायला सांगितलं होतं: नव्याने आधी काय भरलंय आणि पुढे काय भरणार आहे, ते धरा.

उरले ६ कोटी. भागिले २०,००० घरं. घरटी ३,००० डॉलर.

मग कोणीतरी हात वर करतं. "आज तर १५,००० च घरं आहेत, त्यांनी भागा." भागलं तर ४,००० येतात. या भागाकारालाही बाजू घेणारे सल्लागार आहेत. ते म्हणतात, आजची मालकी आजच्या लोकांची. मला ते पटत नाही. रिकाम्या ५,००० जागांची किंमत त्या ६ कोटींत धरलेली आहे, मग त्या जागा भाजकात का नाहीत? वरच्या आकड्याबद्दल लोक तासन् तास वाद घालतात, आणि खालचा आकडा तक्त्याच्या तळटीपेत गुपचूप बसलेला असतो. अहवाल हातात आला की मी आधी तळटीप वाचतो.

दुसरी पद्धत, विस्ताराचा खर्च. समजा शिल्लक जागा संपत आली आणि गाव प्रकल्प १८ एमएलडीचा करणार. म्हणजे आणखी १०,००० घरं. खर्च १२ कोटी. सरळ भागलं तर घरटी १२,०००. झालं? नाही. त्या १२ कोटींत ३ कोटी नायट्रोजन काढण्याच्या नव्या टाक्यांचे आहेत, कारण नदीत सोडायच्या पाण्याचे निकष कडक झालेत. एकही नवं घर आलं नसतं तरी ते करावंच लागलं असतं. डनेडिनची आठवण करा. तर ते ३ कोटी सगळ्या ३०,००० घरांत वाटायचे, नव्या १०,००० च्या वाट्याला १ कोटी. विस्ताराचे ९ आणि हा १, असे १० कोटी भागिले १०,०००. घरटी १०,०००.

पण त्या शिल्लक ५,००० जागा विसरू नका. पुढे येणारी घरं एकूण १५,००० आहेत. प्रत्येकाकडून १०,००० घेतले तर जमतील १५ कोटी, आणि आख्खा विस्तारच १२ कोटींचा आहे! हा झोल मी खऱ्या मसुद्यात पाहिलाय. कोणी लबाडी केली होती असं नाही, दोन वेगळ्या शीट्स होत्या आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. (त्यातली एक शीट माझी होती, हेही सांगून टाकतो. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट.)

म्हणून तिसरी, एकत्रित पद्धत. जुनं ६ कोटी, नवं १२ कोटी, मिळून १८ कोटी. भागिले ३०,०००. घरटी ६,०००. नवा माणूस कोणत्या टाकीत बसतो हे बघायचंच नाही, सगळी एकच व्यवस्था. येणाऱ्या १५,००० घरांकडून ९ कोटी येतात, उरलेले ३ कोटी आजच्या १५,००० घरांनी बिलातून उचलायचे, घरटी २,०००. ही रक्कम नायट्रोजनच्या टाक्यांइतकीच आली, हा माझ्या गोल आकड्यांचा योगायोग, नियम समजू नका.

तर गाव एकच, प्रकल्प एकच, आणि शुल्क ३,०००, ४,०००, ६,०००, १०,००० किंवा १२,०००. गणित कुठेच चुकलेलं नाही. काय वरती घ्यायचं आणि कशाने भागायचं, हे माणसांनी ठरवलंय. शुल्क कमी ठेवलं तर तो खर्च हवेत विरत नाही, तो निवृत्त शिक्षिकेच्या मासिक बिलात जातो. जास्त ठेवलं तर तो बिल्डरच्या खिशातून जातो असं लोकांना वाटतं, पण बराचसा घराच्या किमतीत उतरतो, किंवा छोटं घर बांधायचं राहूनच जातं.

त्या छोट्या घराची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका गावात आमच्या अहवालावर जनसुनावणी होती. गावाचं नाव घेत नाही. तक्त्यात लिहिलं होतं, 'प्रति निवासी घर' अमुक डॉलर. मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. त्यांना परसात मुलीसाठी एक खोली, ओटा आणि एक बाथरूम एवढं घर बांधायचं होतं. ते म्हणाले, "माझ्या मुलीच्या एका संडासाला तुम्ही चार बेडरूमच्या बंगल्याइतका कसा काय धरता?" सभागृहात हशा पिकला. मी नाही हसलो, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'घर' हे माप आम्ही सोयीसाठी घेतलं होतं. टाकीला घर कळत नाही, लिटर कळतात.

कॅलिफोर्नियाचा कायदा आता या बाबतीत बराच स्पष्ट आहे. २०१७ पासून, परसातल्या वेगळ्या छोट्या घराला क्षमता शुल्क लावायचं तर ते त्याच्या भाराच्या प्रमाणातच हवं. भार मोजायचा चौरस फुटांवरून किंवा फिक्श्चरवरून, म्हणजे किती संडास, किती बेसिन, किती सिंक. आणि असलेल्याच घरातली खोली बदलून छोटं घर केलं, तर साधारणपणे वेगळं शुल्क नाहीच. मोठं घर २,००० चौरस फूट आणि परसातलं ५०० असेल, तर आपल्या गावातल्या ६,००० चे १,५०० होतात. आजोबांचा प्रश्न बरोबर होता.

लिटरसुद्धा पूर्ण खरं सांगत नाहीत, ही पुढची गंमत. जुने प्रकल्प घरटी २५०-३०० गॅलन धरून आखलेले असायचे. आता कमी पाण्याचे संडास आले, नवी वॉशिंग मशीन आली, कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ चा दुष्काळ झाला, लोकांनी पाणी वाचवलं. पाणी कमी झालं, पण मैला तेवढाच. माणूस दुष्काळात कमी जेवत नाही ना! म्हणजे पाइपात जागा झाली, पण जिवाणूंच्या टाकीवरचा भार होता तेवढाच राहिला, फक्त दाट झाला. कोणी नुसत्या प्रवाहावरून 'आता आणखी ५,००० घरं मावतील' असं म्हटलं, तर भाजक फुगतो आणि शुल्क खोटं स्वस्त होतं. म्हणून खर्चाची फोड करतात. पाइप आणि पंप प्रवाहावर, हवा देणाऱ्या टाक्या बीओडीवर, गाळाचं काम घन पदार्थांवर.

याचा फटका कोणाला बसतो? माझ्या एका मित्राला बसला. इथे मिसळ-वडापाव विकायची हौस. जागा घेतली, आधी तिथे कपड्यांचं दुकान होतं. परवान्याच्या वेळी क्षमता शुल्काची पावती बघून त्याने मला रात्री फोन केला. कपड्यांच्या दुकानात एक संडास, तोही दिवसातून दहादा वापरणार. उपाहारगृहाचं पाणी मात्र तेलकट, दाट, आणि खुर्च्यांच्या संख्येवर मोजलेलं. त्याला मी एवढंच सांगितलं की जुन्या दुकानाचं श्रेय मागून घे. त्या जागेच्या नावावर आधीची जी क्षमता आहे ती वजा व्हायला हवी, शुल्क फक्त वाढीवर. ते मिळालं. तरी शेवटी चार टेबलं कमीच केली त्याने.

पावसाचं पाणी हा आणखी एक लपलेला भागीदार. जुन्या लाइनींच्या फटींतून पावसाळ्यात पाणी आत शिरतं आणि क्षमता खातं. ती गळती जुनी आहे, तिची दुरुस्ती नव्यांच्या डोक्यावर टाकायची नाही. टाकतात काही जण.

कायद्याचं थोडक्यात. कॅलिफोर्नियाच्या शासन संहितेतलं कलम ६६०१३ म्हणतं, क्षमता शुल्क हे सेवा पुरवण्याच्या वाजवी अंदाजित खर्चापेक्षा जास्त नको. जास्त हवं तर दोन तृतीयांश मतदारांची मंजुरी आणा. पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, आणि वर्षाला किती आले, कशावर गेले हे जाहीर करा. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शीट्झ विरुद्ध एल डोराडो काउंटी या खटल्यात एकमताने निकाल दिला. जॉर्ज शीट्झ यांना आपल्या जमिनीवर तयार साच्याचं घर ठेवायचं होतं, त्यासाठी २३,४२० डॉलर रस्ते शुल्क लागलं होतं. काउंटीचं म्हणणं होतं की हा दर सगळ्यांसाठी ठरावाने ठरलाय, एकेकाची तपासणी नको. कोर्ट म्हणालं, ठरावाने ठरवलं म्हणून कसोटीतून सुटका नाही. ते शुल्क रस्त्यांचं होतं, सांडपाण्याचं नव्हे, पण आमच्या क्लायंटचे वकील तेव्हापासून प्रत्येक तळटीप दोनदा वाचतात. मला आनंद आहे.

आता वाकडच्या आपल्या श्रोत्याकडे येतो.

महाराष्ट्रात डेव्हलपमेंट चार्ज येतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातून, म्हणजे एमआरटीपी कायद्यातून. १९९२ साली त्यात विकास शुल्काचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. आज तो आकडा रेडीरेकनरमधल्या दराच्या टक्क्यांत निघतो. थांबा, हे नीट बघा. रेडीरेकनर जमिनीचा भाव सांगतो, सांडपाण्याचं लिटर नाही. एकाच मापाचे दोन फ्लॅट, दोन्हीकडे चारच माणसं, एक महागड्या भागात, एक उपनगरात. आपल्याकडच्या नियमांत शहरासाठी माणशी १३५ लिटर पाणी धरतात आणि त्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी. म्हणजे चौघांचं ४३२ लिटर, दोन्ही फ्लॅटमध्ये तेवढंच. शुल्क मात्र वेगळं. शिवाय तो पैसा फक्त सांडपाण्यासाठी नसतो, नगररचनेच्या एकूण सोयींसाठी असतो. तर "तो चार्ज नक्की कशाचा" याचं उत्तर: तुमच्या मैलापाण्याच्या जागेचा म्हणून तो कधी मोजलाच गेला नाही.

आणि तळघरातला एसटीपी? २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या मंजुरीच्या अटींत स्वतःचा एसटीपी येतो. मला विचाराल तर तेही क्षमता शुल्कच आहे, फक्त पैशांत नाही, यंत्रात वसूल केलेलं. फरक एवढाच की शहराच्या मोठ्या प्रकल्पात प्रति लिटर खर्च कमी पडतो, आणि तळघरातल्या ब्लोअरचा आवाज पहिल्या मजल्यावरचे लोक ऐकतात.

म्हणून तुमच्या सोसायटीने महापालिकेला एकच प्रश्न लेखी विचारावा असं मला वाटतं. आम्ही आमचं सांडपाणी स्वतः शुद्ध करतो, तर शहराच्या व्यवस्थेवर आमचा किती भार धरलाय, आणि त्याबद्दल कुठे श्रेय दिलंय का? माहिती अधिकारात विचारलं तरी चालेल. उत्तर आलं की मला पाठवा, आकड्यांसकट. आपण ते इथेच उघडून बघू.